जेम्स प्रेस्कॉट जूल : एका तापमापकाची अडतीस वर्षे

इंग्लंडातील मँचेस्टर शहराच्या नगरभवनात प्रवेशद्वाराच्या आतल्या बाजूस दोन संगमरवरी पुतळे समोरासमोर आसनस्थ आहेत. एक आहे अणुसिद्धान्ताचे जनक जॉन डाल्टन यांचा आणि दुसरा त्यांच्या शिष्याचा, म्हणजे जेम्स प्रेस्कॉट जूल यांचा. गुरु आणि शिष्य असे एकमेकांसमोर कायमचे बसून राहिल्याची उदाहरणे जगात फार नसावीत. डाल्टन यांच्या हयातीत त्यांच्यासमोर बसलेला हा शिष्य कोवळा पोरगा होता, आणि गुरुजींनी त्याला शिकविले ते अंकगणित व भूमिती. पुढे या मुलाचे आडनाव ऊर्जेच्या एककास मिळेल आणि पृथ्वीवरील प्रत्येक शाळेत ते उच्चारले जाईल, हे त्या दोघांपैकी कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते.

विज्ञानाच्या तासाला आमच्या विद्यार्थ्यांना जूल भेटतो तो एका अक्षराच्या रूपाने. अमुक इतके जूल कार्य, तमुक इतके जूल उष्णता. त्या अक्षरामागे एक माणूस उभा होता, त्याची पाठ थोडी वाकडी होती, तो अतिशय लाजाळू होता आणि घरच्या मद्यार्कशाळेचा कारभार पाहून उरलेल्या वेळात विज्ञान करीत होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच सांगितलेले असते. आम्ही स्वतः कलाशाखेचे. भौतिकशास्त्राशी आमची सोयरीक शाळेबरोबरच संपली होती. परंतु प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांशी बोलता बोलता जूल यांच्या एका तापमापकाची हकीकत कानी आली आणि तिने आमच्या मनात घर केले. त्या हकीकतीच्या ओढीनेच आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले आहे.

जूल यांचा जन्म 24 डिसेंबर 1818 रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड गावी झाला. वडील बेंजामिन जूल हे बिअर गाळण्याचा मोठा कारखाना चालविणारे धनिक गृहस्थ. लहानपणी जेम्स यांच्या पाठीच्या कण्यात दोष होता. त्यामुळे खेळण्या-बागडण्यास मर्यादा पडली, आणि स्वभाव मुळातच बुजरा असल्याने ते अधिकच अंतर्मुख झाले. ते शाळेत गेले नाहीत. शिक्षण घरीच झाले. 1834 साली वडिलांनी त्यांना व थोरल्या भावाला मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या वास्तूत डाल्टन यांच्याकडे शिकावयास पाठविले. सुमारे दोन वर्षांच्या अध्यापनानंतर डाल्टन यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि शिकवणी थांबली. परंतु तेवढ्या काळात मोजमापाची गोडी या मुलाला लागली ती जन्मभर सुटली नाही. दोघा भावांना विजेचे विलक्षण वेड. एकमेकांना विजेचे झटके देऊन पाहणे, घरच्या नोकरांवरही तोच प्रयोग करणे, असले उद्योग चालत. नोकरमंडळींना याबद्दल काय वाटत असेल ते इतिहासाने नोंदविलेले नाही.

बिअर गाळण्याच्या धंद्यात तापमानाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. धान्य भिजविण्याचे पाणी थोडे अधिक तापले वा थोडे कमी तापले, तरी सारा घाणा बिघडतो. जूल यांनी पुढे अंशाच्या शतांशापर्यंत जी नजर पोहोचविली तिची पहिली तालीम वडिलांच्या कारखान्यातच झाली, असे आम्हांस वाटते. विद्यापीठाची पदवी नाही, प्राध्यापकी नाही, प्रयोगशाळा म्हणजे घरातील एक खोली; अशा स्थितीत त्यांनी एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी विजेच्या यंत्रांवर संशोधन सुरू केले. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की तार तापते, आणि प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, हा नियम त्यांनी 1840 च्या अखेरीस रॉयल सोसायटीला कळविला. सोसायटीने त्याचा केवळ सारांश छापला. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट टिपली : लोखंडाच्या कांबीस चुंबकत्व आणले की तिची लांबी किंचित बदलते. हा बदल डोळ्यांना दिसणारा नव्हता. तरफांची योजना करून तो मोठा करून पाहावा लागला. वाचकांनी ही कांब ध्यानात ठेवावी, पुढे तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

उष्णता म्हणजे काय, हा त्या काळचा मोठा वाद होता. बहुतेक विद्वानांच्या मते उष्णता हा एक अतिसूक्ष्म, वजनहीन असा द्रव होता; तो एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहतो, परंतु नवा निर्माण होत नाही आणि नाशही पावत नाही. जूल यांना प्रयोगांती दिसत होते ते निराळेच. हाताने चक्र फिरवून वीज निर्माण केली तर त्या विजेने पाणी तापते. म्हणजे हाताच्या श्रमांतूनच उष्णता उपजली. मग किती श्रमांतून किती उष्णता? एक पौंड पाण्याचे तापमान फॅरनहाइटच्या एका अंशाने वाढवावयास किती पौंड वजन एक फूट खाली पडले पाहिजे? हा आकडा काढावयाचा, आणि तो कोणत्याही मार्गाने काढला तरी तोच येतो हे दाखवावयाचे, एवढेच काम त्यांनी आयुष्यभर अंगावर घेतले. 1843 साली आयर्लंडातील कॉर्क येथे भरलेल्या सभेत त्यांनी आपला पहिला आकडा, 838, सांगितला. सभेने तो ऐकून घेतला आणि कोणी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी हवा दाबून व प्रसरण पावू देऊन केलेल्या प्रयोगांवरचा निबंध रॉयल सोसायटीने आपल्या ग्रंथात छापण्याचे नाकारले. त्या प्रयोगांतून आकडा आला होता 798. 1845 मध्ये पाण्यात वल्ही फिरवून काढलेला आकडा 890 निघाला. टीकाकारांनी हसावे असाच हा गोंधळ होता. सत्य एकच असेल तर आकडे इतके निरनिराळे का?

अडचण तापमापकाची होती. पाणी घुसळून तापविणे ऐकावयास सोपे वाटते. ताक घुसळताना रवीने ताक कढत झाल्याचे कोणी पाहिले आहे काय? नाही, कारण घुसळण्याने होणारी तापमानवाढ इतकी अल्प असते की ती हाताला जाणवतच नाही. जूल यांनी पितळी वल्ही बसविलेली रवी पाण्याच्या भांड्यात उभी केली, तिला दोऱ्यांनी दोन वजने जोडली, ती खाली पडताना रवी फिरे. पुढे 1849 च्या निर्णायक प्रयोगांत प्रत्येकी सुमारे 29 पौंडांची दोन वजने सव्वापाच फुटांवरून लागोपाठ वीस वेळा पाडली, तेव्हा कोठे पाणी सुमारे अर्ध्या अंशाने तापले. या अर्ध्या अंशाचेही शेकडो भाग बिनचूक वाचता आले तरच आकड्याला अर्थ. अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत आपण वाचू शकतो, असे जूल म्हणत, आणि नेमका त्यावरच विद्वानांचा विश्वास बसत नसे. एका मद्यार्कशाळेच्या मालकाचा मुलगा अंशाच्या शतांशांवरून साऱ्या विश्वाचा नियम सांगू पाहतो, हे त्यांना धाडसाचे वाटे. तेव्हा जूल यांची सारी पत काचेच्या एका नळीवर टांगलेली होती.

ती नळी मँचेस्टरमधील कुशल उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर यांच्या सहकार्याने तयार झाली. नळीचे छिद्र सर्वत्र सारखे नसते, म्हणून पाऱ्याचा एक लहान तुकडा तिच्या लांबीभर सरकवीत, सूक्ष्मदर्शकाने मोजीत, छिद्राच्या जाडी-बारीकपणानुसार खुणा कोरण्यात आल्या. एका फॅरनहाइट अंशात सुमारे तेरा घरे पडली, आणि एका घराचा विसावा भाग जूल नुसत्या सरावलेल्या नजरेने वाचीत. असे अचूक तापमापक इंग्लंडात तोवर बनलेच नव्हते.

1844 च्या एप्रिल महिन्यात जूल यांनी आपला एक तापमापक वितळत्या बर्फात ठेवला आणि पारा कोठे स्थिरावतो त्याची नोंद केली. बर्फाचा वितळणबिंदू म्हणजे निसर्गाने घालून दिलेली अढळ खूण. तेथून मोजावयास आरंभ करावयाचा. ही नोंद कोणीही करील. परंतु जूल यांनी तोच तापमापक पुन्हा 1846 च्या फेब्रुवारीत बर्फात ठेवला. पारा पूर्वीच्या खुणेवर थांबला नाही. तो साडेपाच घरे वर जाऊन उभा राहिला. बर्फ तर बदललेला नव्हता. पाराही तेवढाच होता. मग बदलले काय? बदलली होती काच. तापमापकाचा फुगा किंचित आकसला होता आणि आत मावेनासा झालेला पारा नळीत वर ढकलला गेला होता.

काचेचा फुगा आकसतो ही गोष्ट उपकरण करणाऱ्यांना अगदीच अपरिचित नव्हती. परंतु ती किती काळ चालते, कोणत्या गतीने चालते, याची चिंता कोणी इतक्या चिकाटीने वाहिली नव्हती. जूल यांनी तापमापक जपून ठेवला आणि अधूनमधून, कधी दोन वर्षांनी तर कधी सात वर्षांनी, त्याला बर्फात बसवून तो किती वर सरकला ते लिहून ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. 1848 च्या आरंभी पारा मूळ खुणेहून जवळजवळ सात घरे वर होता. गती मंदावत होती, पण थांबत नव्हती.

मध्यंतरी त्यांच्या आयुष्यात दुसरीही उलथापालथ झाली. 1847 च्या जूनमध्ये ऑक्सफर्ड येथील सभेत त्यांनी पुन्हा आपले म्हणणे मांडले. वेळ थोडा असल्याने अध्यक्षांनी त्यांना निबंध न वाचता थोडक्यात आटोपण्याची सूचना केली. कॉर्कप्रमाणे येथेही सारे शांततेत विरून गेले असते; परंतु विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या प्राध्यापकाने त्यात लक्ष घातले. हेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून विख्यात झाले. त्यांना जूल यांचे सारे म्हणणे तेव्हा पटले नव्हते, पण ही वेड्याची बडबड नव्हे एवढे त्यांनी ओळखले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जूल यांचा विवाह अमेलिया ग्राइम्स यांच्याशी झाला. नवदांपत्य आल्प्सच्या पायथ्याशी शामोनी परिसरात प्रवासास गेले असता थॉमसन यांना वाटेत ते भेटले. थॉमसन यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणीनुसार जूल यांच्या हातात लांबलचक तापमापक होता आणि पत्नी मागून हळूहळू चढत येणाऱ्या गाडीत होती. धबधब्याच्या माथ्यावरचे व पायथ्याचे पाणी मोजून पाहावे, पडल्याने ते तापले पाहिजे, असा त्यांचा बेत होता. नायगाराचे पाणी 160 फूट कोसळल्याने अंशाच्या पाचव्या भागाइतके तापेल, असे गणित त्यांनी पूर्वीच मांडले होते. सालांश येथील धबधब्याचे पाणी मात्र तुषार होऊन उडत असल्याने मोजणे काही जमले नाही. लग्नानंतरच्या सहलीत तापमापक नेणारा नवरा पाहून अमेलियाबाईंना काय वाटले असेल, असा प्रश्न आमच्या घरी ही गोष्ट सांगताना आम्हांस विचारण्यात आला. आम्ही उत्तर दिले नाही.

1849 च्या उन्हाळ्यात जूल यांनी आपल्या घराच्या तळघरात वल्ह्यांचे प्रयोग पाणी, पारा आणि लोखंड घेऊन पूर्ण केले. आकडा आला 772. ज्या रॉयल सोसायटीने पूर्वी नकार दिला होता तिनेच तो निबंध 1850 साली प्रसिद्ध केला व जूल यांना सदस्यत्व दिले. तंटा मिटला. उष्णता हा द्रव नव्हे, ती गतीचेच एक रूप आहे, हे जगाने मान्य केले.

तापमापकाच्या नोंदवहीत पुढची नोंद आहे फेब्रुवारी 1853 ची : जवळजवळ नऊ घरे. त्यानंतरची एप्रिल 1856 ची : साडेनऊ. या दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत, 1854 साली, अमेलियाबाई मरण पावल्या. त्यांचे नुकते जन्मलेले बाळही वाचले नाही. एक लहान मुलगा आणि एक लहान मुलगी मागे राहिली. त्याच वर्षी कुटुंबाने मद्यार्कशाळा विकली. जूल यांचे वय तेव्हा छत्तीसही पुरे नव्हते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. नोंदवहीत मात्र दुःखाचे एक अक्षर नाही. तिथे आहे फक्त अर्ध्या घराचा फरक. तो फरक वाचताना आम्ही थोडा वेळ थांबलो.

आता काचेच्या पोटात काय चालले होते ते पाहू. बाजारात धान्य मापून देणारा माणूस पायली भरताना धान्य भराभर ओततो, तेव्हा दाणे कसेही, आडवेतिडवे, एकमेकांत अडकून बसतात आणि मधून पोकळ्या राहतात. पायलीला हलकेच धक्के दिले की दाणे खाली बसतात. पहिल्या दोन-चार धक्क्यांत माप बरेच उतरते, नंतरच्या दहा धक्क्यांत थोडे, पुढच्या शंभरांत अगदी किंचित. कारण सैल बसलेले दाणे आधीच जागेवर गेलेले असतात. उरतात ते एकमेकांना खिळून बसलेले, आणि त्यांतला एक हलावयाचा तर शेजारच्या अनेकांनी जागा द्यावी लागते. वितळलेली काच फुग्याच्या आकारात फुंकून निवविली जाते तेव्हा तिच्या अणूंची हीच गत होते. त्यांना नीट रांगेत बसण्यास वेळ मिळत नाही. द्रवातील गोंधळ तसाच थिजतो. हात लावला तर घन, पण आतली मांडणी द्रवाची. अणूंची स्वाभाविक थरथर हेच त्या पायलीचे धक्के. त्या थरथरीने अणू वर्षानुवर्षे हळूहळू अधिक सोयीच्या जागी सरकत राहतात, आतला ताण सैल पडत जातो आणि काच केसभर आकसते. यालाच शास्त्रज्ञ शिथिलन म्हणतात. योगायोग असा की 1854 सालीच जर्मनीत रुडोल्फ कोलराउश यांनी काचेच्या बरणीत साठविलेला विद्युद्भार कसा ओसरतो हे मोजले, आणि तेथेही आधी झपाट्याने व नंतर लांबत जाणारी अशीच उतरण त्यांना दिसली. तिच्यासाठी त्यांनी जे गणिती सूत्र योजले ते आजही शिथिलनाच्या अभ्यासात वापरले जाते.

येथे एक शंका कोणीही घेईल. जूल यांना मोजावयाची होती ती तापमानातील वाढ. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांतील अंतर. मूळ खूणच वर सरकली तरी दोन्ही आकडे सारखेच सरकणार, अंतर बहुतांशी तेच राहणार. तेव्हा या सरकण्याने त्यांच्या प्रसिद्ध आकड्यास फारशी बाधा येत नव्हती. मग 1850 मध्ये जय मिळाल्यावरही त्यांनी बत्तीस वर्षे हा तापमापक बर्फात का बसवीत राहावे? आमच्या मते याचे उत्तर त्यांच्या स्वभावात आहे. ज्या नळीवर विसंबून त्यांनी जगाला आव्हान दिले, ती नळी आपल्याशी कितपत खरी आहे हे त्यांना स्वतःस कळावयास हवे होते. विरोधकांनी शंका घेण्याचे सोडले, तरी त्यांनी सोडले नाही. 1867 साली त्यांनी आपल्या मँचेस्टरच्या मंडळापुढे तोवरच्या नोंदी मांडल्या : 1860 च्या डिसेंबरात अकरा घरे, 1867 च्या मार्चमध्ये बारास किंचित कमी.

उत्तरायुष्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. थॉमसन यांच्यासह त्यांनी वायू बारीक छिद्रातून सोडला असता निवतो हे दाखविले, आणि त्या शोधावर पुढे हवा द्रवरूप करण्याची यंत्रे उभी राहिली. मानसन्मान झाले, 1870 साली कॉप्ली पदक मिळाले. पैसा मात्र ओसरत गेला, कारण बहुतेक प्रयोग स्वतःच्या खर्चाने चालत. 1878 साली सरकारने त्यांना दोनशे पौंडांचे वार्षिक निवृत्तिवेतन दिले. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा एकदा, अखेरचे, पाणी घुसळून आकडा काढला : 772.55. डिसेंबर 1882 मध्ये तापमापक शेवटचा बर्फात बसला. पंचविशीतील तरुणाने जी खूण केली होती तीवरून चौसष्टाव्या वर्षातील वृद्धाने वाचले, तेव्हा पारा तेरा घरांहून थोडा अधिक, म्हणजे एक पूर्ण अंश वर चढलेला होता. अडतीस वर्षांत एक अंश, आणि त्यातला दोनपंचमांश पहिल्या दोन वर्षांतच.

11 ऑक्टोबर 1889 रोजी सेल या गावी जूल यांचे निधन झाले. ऊर्जेच्या एककास त्यांचे नाव देण्याचा निर्णय पॅरिस येथील विद्युत्परिषदेत त्याच वर्षी, मृत्यूच्या काही आठवडे आधी झाला होता. सेल येथील ब्रुकलँड्स स्मशानभूमीत त्यांच्या समाधिशिळेवर 772.55 हा आकडा कोरलेला आहे. तो पूर्णतः अचूक नाही. आजचे मूल्य 778 च्या आसपास आहे. चूक वल्ह्यांची नव्हती. जूल यांच्या मागे, 1895 च्या सुमारास, मँचेस्टरचेच प्राध्यापक आर्थर शुस्टर यांनी ते जुने तापमापक नव्या, हायड्रोजनवर आधारलेल्या प्रमाणाशी ताडून पाहिले. पारा व काच यांच्या प्रसरणाच्या लहरीमुळे जूल यांचे अंश खऱ्या अंशांशी तंतोतंत जुळत नव्हते असे आढळले, आणि ती दुरुस्ती करताच आकडा वर सरकून आजच्या मूल्याच्या पुष्कळ जवळ आला. एव्हाना जर्मनीतील येना येथे ओटो शॉट व त्यांचे सहकारी तापमापकासाठी खास काच करू लागले होते. सोडा व पोटॅश दोन्ही एकत्र असलेली काच अधिक सरकते हे ध्यानी आल्यावर त्यांनी मिश्रणच बदलले.

जूल यांच्या नोंदी जुन्या कागदांत पडून राहिल्या असत्या. परंतु 1960 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे पोल दुवे व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक अघटित घडविले. त्यांनी सोने आणि सिलिकॉन यांचा वितळलेला मिश्रधातू सेकंदास सुमारे दहा लाख अंश या वेगाने निवविला. धातू निवताना त्याचे अणू लष्करी शिस्तीने रांगा धरतात; पण येथे रांग धरण्यास सवडच मिळाली नाही, आणि धातूचीच काच झाली. ती पारदर्शक नव्हती, दिसावयास धातूच होती; काच ती केवळ अणूंच्या अव्यवस्थेमुळे. वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर वितळलेला लोहमिश्र सोडून अशा काचेच्या फिती पुढे निघू लागल्या, केसाहूनही पातळ. विजेच्या रोहित्रांच्या गाभ्यात त्या गुंडाळल्या तर भार नसताना वाया जाणारी वीज नेहमीच्या पोलादाच्या मानाने निम्म्याहून कमी होते.

मात्र या काचेलाही जूल यांच्या फुग्याचाच स्वभाव आहे. घाईने निवल्यामुळे तिच्या पोटात ताण कोंडलेला असतो. आणि लोखंडाला चुंबकत्व आले की त्याची लांबी बदलते, ही कांबेची गोष्ट वाचकांना आठवत असेल. ज्या द्रव्याची लांबी चुंबकत्वाने बदलते, त्याचे चुंबकत्वही ताणाने अडखळते. म्हणून फितींचा गाभा स्फटिक होऊ न देण्याइतक्या बेताच्या उष्णतेवर काही काळ तापवून सावकाश निववितात. जे काम जूल यांच्या तापमापकात अडतीस वर्षे चालले होते ते भट्टीत थोड्या अवधीत उरकते. अणू सोयीच्या जागी सरकतात, ताण सैल पडतो, चुंबकत्व मोकळे होते. परंतु फीत अधिक ठिसूळही होते, आणि वाकविल्यास मोडते. धातूची काच अशी स्वस्थ झाली की कणखरपणा गमावून बसते, हे कारखानदारांचे आजचेही दुखणे आहे. उलट दिशेचे उपायही निघाले आहेत. अशी काच द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत व नेहमीच्या तापमानात आलटून पालटून ठेवली तर ती पुन्हा तारुण्याकडे वळते, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले.

तरीही अणू सरकतात ते कसे, एकेकटे की थव्याने, हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. 2012 साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे मॅग्नेशियम, तांबे व इट्रियम यांच्या धातुकाचेवर प्रखर क्ष-किरणांचा झोत सोडून तिच्या अणूंची हालचाल मोजण्यात आली. ती उतरण कोलराउश यांच्या सूत्रातल्यासारखी लांबत जाणारी नव्हती. ती उलट अधिक आखूड व एकाएकी कोसळणारी दिसली. आत कोंडलेला ताण अणूंना ढकलतो आहे, असा तिचा अर्थ लावला जातो. ग्रनोबल आल्प्सच्याच कुशीत वसले आहे. जूल तापमापक घेऊन ज्या धबधब्याशी गेले होते तो तेथून फार दूर नाही.

जूल यांच्या नोंदवहीची अखेरची पाने आता शास्त्रज्ञ पुन्हा चाळतात, कारण नेहमीच्या तापमानास ठेवलेल्या काचेची इतकी प्रदीर्घ नोंद दुसरीकडे सहसा सापडत नाही. त्या पानांवर 1879 च्या नोव्हेंबरातील आकडा तेरा घरांहून किंचित कमी आहे आणि त्याखाली 1882 च्या डिसेंबरातील आकडा तेराहून किंचित अधिक. पारा अजून चढतच होता.